मुकोझुके: भांडं की पदार्थ?

प्रश्न असा आहे: "एका संग्रहालयात जपानी मातीच्या भांड्यांपुढे 'मुकोझुके, 5 नग' अशी पाटी पाहिली. पुढे एका जपानी भोजनगृहात पदार्थांच्या यादीत हाच शब्द दिसला, मागवलं तर कच्च्या माशाचे काप आले. मग मुकोझुके हे भांडं की पदार्थ? आणि मराठीत भाषांतर करताना काय लिहायचं?"

दोन्ही बरोबर आहे. पण मुळात हा शब्द भांड्याचाही नाही आणि माशाचाही नाही. तो जागेचा आहे.

'मुको' म्हणजे पलीकडे, समोरच्या बाजूला. 'झुके' हे मूळचं 'त्सुके', म्हणजे लावणं, जोडणं. हा 'त्सु' आपल्याला अवघड नाही. 'चूल' म्हणताना जो च येतो तोच. जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं कठोर व्यंजन पुष्कळदा मृदू होतं, म्हणून त्सुकेचं झुके झालं. चहाच्या वाडग्याला 'चावान' म्हणतात, पण नळीसारख्या उभट वाडग्याला 'त्सुत्सुजावान'. आपण वाक् आणि ईश मिळून वागीश करतो, त्याची आठवण व्हावी असा हा बदल आहे (नियम मात्र वेगळे). झ उच्चारायचा तो 'झाड'मधला, 'झेंडा'मधला नव्हे. तर मुकोझुके म्हणजे 'पलीकडे लावलेलं'.

कशाच्या पलीकडे, हे समजायला चहाच्या समारंभातलं जेवण डोळ्यांपुढे आणावं लागतं. दाट माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) रिकाम्या पोटी सोसत नाही, म्हणून त्याआधी बेताचं जेवण देतात. त्याचं नाव काइसेकी. यजमान स्वतः एक बिनपायाचं, रोगण दिलेलं चौकोनी ताट आणून पाहुण्याच्या हातात देतो. हे 'ओशिकी', जेमतेम फूटभर लांबीरुंदीचं. पाहुण्याच्या बाजूला डावीकडे भाताची वाटी, उजवीकडे मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) साराची वाटी; दोन्ही रोगणाच्या, दोन्हींवर झाकण. भात दोन घासांचाच, पण नुकता चुलीवरून उतरवलेला. वाट्यांच्या अलीकडे आडव्या ठेवलेल्या, पाण्याने ओलवलेल्या सुगीच्या लाकडाच्या जेवायच्या काड्या. (सुगी हे तिथल्या झाडाचं नाव. आपल्या सुगीशी त्याचं नातं नाही, पण ऋतूच्या जेवणात हा शब्द भेटला की मराठी माणूस क्षणभर थबकतोच.) आणि या दोन वाट्यांच्या पलीकडे, मधोमध, तिसरं भांडं. ते मुकोझुके.

त्यात बहुधा समुद्री वनस्पतीच्या पट्ट्यांमध्ये दाबून मुरवलेला मासा असतो, जोडीला थोडा हिरवा पाला आणि तळाशी आंबटसर रस. पण पाहुणा लगेच त्याला हात लावत नाही. आधी भात आणि सार, मग साकेचा (तांदळाच्या मद्याचा) पहिला घोट, आणि त्यानंतरच पलीकडचं. ते संपलं की रिकामं भांडं उचलून नेत नाहीत. पुढे भाजलेला मासा किंवा शिजवलेल्या भाज्या मोठ्या भांड्यातून फिरतात, तेव्हा प्रत्येक जण आपला वाटा याच मुकोझुकेत काढून घेतो. म्हणजे पदार्थ पोटात गेला तरी मुकोझुके ताटात उरतंच. नाव भांड्याला का चिकटलं, हे मला तरी इथेच कळतं.

दुसरं कारण कुंभारांचं. त्या ताटात बाकी भांडी सगळी रोगणाच्या लाकडाची. माती एवढीच, त्यामुळे पाहुण्याची पहिली नजर तिथेच जाते. फुरुता ओरिबे (1544–1615) या चहागुरूच्या नावाने ओळखली जाणारी, तांब्यामुळे हिरवी झालेल्या झिलईची भांडी मिनो प्रांतातली. त्यांत मुकोझुकेचे आकार किती तऱ्हेचे! क्योतोच्या नारुताकी भागात 1699 मध्ये भट्टी लावणाऱ्या ओगाता केन्झानने तर तात्सुता नदीच्या पाण्यावर वाहणारी मेपलची लाल पानंच मुकोझुकेवर उतरवली. मासा खाल्ला की खाली शरद ऋतू दिसतो. अशी भांडी बहुतेक पाचाच्या संचात करतात, म्हणून तुमच्या पाटीवर '5 नग'.

आता भोजनगृहातला मासा. काइसेकी हा उच्चार दोन वेगवेगळ्या चित्रलिपी-जोड्यांचा आहे. एकीचा अर्थ 'उराशी धरलेला दगड': भूक मारायला झेन भिक्षू ऊन दगड कपड्याआड धरत, अशी त्यामागची कथा. हे चहाचं जेवण. दुसरीचा अर्थ 'मैफलीची बैठक'. ही साकेच्या संगतीने चालणारी मेजवानी आणि तिथे भात अगदी शेवटी येतो. भोजनगृहांत हे दोन प्रकार पुष्कळ मिसळले. भात आणि सार आधी येईनासे झाले की 'पलीकडे' असं काही उरत नाही, पण शब्द राहिला आणि कच्च्या माशाच्या फेरीवर जाऊन बसला. म्हणून तुम्हाला यादीत तो मासा म्हणून भेटला.

असं होणं जपानी जेवणात नवं नाही. 'हास्सुन' म्हणजे आठ सुन. सुन हे साधारण 3 सेंटिमीटरचं माप. आठ सुन लांबीरुंदीच्या लाकडी तबकात समुद्राचं थोडं आणि डोंगराचं थोडं देतात, त्या फेरीचंच नाव हास्सुन. 'दोनबुरी' हा खोल वाडगा आणि त्यातला भातही. 'नाबे' हे पातेलं आणि थंडीत त्यात सगळ्यांसमोर उकळणारं कालवणही.

मराठी माणसाने याचं नवल का करावं? आपण 'पानं घ्या' म्हणतो, ती काय केळीची पानं खायला? थाळी, हंडी ही भांडी, आणि आपण थाळी जेवतो, हंडी मागवतो. मापाचा पदार्थ होणं तर आपल्याकडे रोजचं: टपरीवर 'दोन कटिंग', आणि 'नवटाक मारून आलाय' म्हटल्यावर काय मारलं ते सांगावं लागत नाही. पण मुकोझुकेचा खरा भाऊ म्हणजे ताटाची 'डावी बाजू'. आमच्या आजोळी पंगतीत आजी ओटीवरून हाक द्यायची, "अगं, डावी बाजू वाढून झाली का?" तेवढ्यात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं आलं. जागेचं नाव पदार्थाला. आणि 'त्सुके' म्हणजे लावणं, हे ध्यानात ठेवलंत तर आपलं 'तोंडीलावणं'ही त्याच्या शेजारी येऊन बसतं.

ऋतूबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबवत नाही. हिवाळ्यात मुकोझुके खोल असतं. एका उभट प्रकाराचं नाव 'नोझोकी', म्हणजे डोकावणं, कारण आत काय आहे ते डोकावूनच पाहावं लागतं. उन्हाळ्यात ते पसरट होतं, काचेचंही चालतं. हंगामाला शब्द तीन आहेत: पहिलं येतं ते 'हाशिरी', भरात असतं ते 'शुन', सरत्या हंगामातलं 'नागोरी'. शुन म्हणजे मुळात दहा दिवसांचा काळ, महिन्याचा तिसरा हिस्सा; पुन्हा मापच. नागोरी हा शब्द 'नामी-नोकोरी'वरून आला असं मानतात: लाट ओसरल्यावर मागे राहिलेलं.

चहाच्या जगात नागोरीचा महिना ऑक्टोबर. मे महिन्याच्या सुमारास खुडलेली नवी पानं बरणीत मुरत असतात. ती बरणी उघडायची नोव्हेंबरमध्ये, आणि तोवर गेल्या वर्षीचा चहा तळाला आलेला. या दिवसांत पाच पाहुण्यांना एकसारखी पाच मुकोझुके न देता, फुटून-तुटून उरलेल्या संचांतली सुटी भांडी जमवतात. एक कारात्सू गावच्या घडणीचं, एक ओरिबेचं, एखादं सोन्याच्या रेघेने सांधलेलं. याला 'योसेमुको' म्हणतात, म्हणजे गोळा करून आणलेली मुकोझुके. संग्रहालयातल्या अखंड पाचांपेक्षा मला हा विजोड संच जास्त आवडतो.

आता भाषांतराचं. 'वाटी' लिहू नका, कारण मुकोझुके बशीसारखं, पानाच्या आकाराचं किंवा नळीसारखंही असतं. 'कच्चा मासा'ही नको. त्यात मासाच असतो असं नाही. शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ताटात पलीकडच्या बाजूला ठेवलेलं तोंडीलावणं आणि त्याचं भांडं' एवढं सांगा. लिंग मी नपुंसक धरतो, कारण भांडंही नपुंसक आणि तोंडीलावणंही: ते मुकोझुके, मुकोझुकेत, मुकोझुकेवर. अनेकवचनही 'ती पाच मुकोझुके' असंच, 'मुकोझुक्या' नको.