जीपीएस घड्याळ मोबाइलपेक्षा १८ सेकंद पुढं का दाखवतं?

नवीन घड्याळाची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. चिकोडीकडच्या फॅक्टरीत बसवलेलं, उपग्रहांवरून वेळ घेणारं जीपीएस घड्याळ मोबाइलपेक्षा १८ सेकंद पुढं आहे, असं तुम्ही लिहिलंय. आठवड्यानंतरही फरक १८ च राहतो का, हे आधी बघा. बिघडलेलं घड्याळ रोज थोडं थोडं सरकत जातं. आकडा हलत नसेल तर घड्याळ ठणठणीत आहे, फक्त वेगळी वेळ दाखवतंय.

अणुघड्याळांवरून ठरणारी टीएआय ही वेळ अखंड चालते. पृथ्वीचं फिरणं मात्र तेवढं नेमकं नाही, म्हणून आपल्या व्यवहारातल्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घालावा लागला. १ जानेवारी २०१७ पासून यूटीसी टीएआयच्या ३७ सेकंद मागं आहे. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० ला यूटीसीशी जुळवून सुरू केली, तेव्हा हे अंतर १९ होतं. पुढं जीपीएसनं एकही लीप सेकंद घेतला नाही. ३७ वजा १९, हेच तुमचे १८. आपली भारतीय वेळ म्हणजे यूटीसी अधिक साडेपाच तास, त्यामुळं तिथंही तेवढाच फरक दिसतो. उद्या कुठं ४ सेकंदांचा फरक दिसला तर बैदूवर, म्हणजे चीनच्या उपग्रह यंत्रणेवर, संशय घ्या. त्यांची मोजणी २००६ पासूनची आहे.

आता कळकळीनं सांगतो, हाताने १८ वजा करू नका. निपाणी भागातल्या एका साखर कारखान्यात गळीत हंगामात रात्री विजेची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. बिघाड दिसताच ब्रेकर पाडणारा आमचा रिले जीपीएस घड्याळावरून वेळ घ्यायचा. त्यात वेळ ०२:१४:१९, लाइनच्या पलीकडच्या टोकाला ०२:१४:३७. तिकडचे म्हणाले, "तुमचाच ब्रेकर आधी पडलाय की वो!" दोन दिवस आम्ही आमचंच पॅनेल उघडून बसलो. शेवटी घड्याळाच्या मेनूत शिरलो, तर ऑफसेटच्या (वेळेत हाताने करायच्या फरकाच्या) ओळीत उणे १८! घड्याळ बसवलं त्या दिवशी कुणीतरी घाईनं टाकलेला. उपग्रहाच्या संदेशात लीप सेकंदाचा आकडा असतोच, पण पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तो आल्यावर घड्याळानं स्वतःहून १८ वजा केले, वर आमचे १८. ऑफसेट शून्य केला आणि दोन्ही टोकांच्या नोंदी जुळल्या. वायरिंगमध्ये काहीच दोष नव्हता.

तुमच्याकडं अँटेना शेडच्या पत्र्याखाली असेल तर आधी वर मोकळ्यावर काढा. मेनूत टाइम स्केल 'जीपीएस' असेल तर 'यूटीसी' करा, झोन ५:३० ठेवा आणि हाताने टाकलेला ऑफसेट असेल तर शून्य करा. मग अर्धा तास हात लावू नका. त्यानंतरही १८ दिसले तर मॉडेल नंबर आणि मेनूचा फोटो इथं टाका, बघून सांगतो.