सीटी स्कॅनमध्ये थायरॉइडची गाठ योगायोगाने आढळली, तर ती कर्करोगाची असते का?

खोकल्यासाठी केलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये आपल्या ५८ वर्षांच्या आईच्या थायरॉइडमध्ये ९ मिलिमीटरची गाठ दिसली आणि सुईची तपासणी (बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासणे) लगेच करावी का, असे आपण विचारले आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. स्कॅनमध्ये जे दिसते ते सर्व अहवालात नोंदवणे आमचे कर्तव्य असते. अशी नोंद म्हणजे निदान नव्हे.

थायरॉइडमधील गाठी अतिशय सामान्य आहेत. वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते, स्त्रियांमध्ये ते अधिक असते, आणि बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. सीटीवरून गाठीचे अस्तित्व व आकार कळतो, तिचे स्वरूप मात्र सोनोग्राफीतच नीट कळते. तरीही प्रत्येक गाठीची सोनोग्राफी करावी लागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१५ च्या शिफारशींनुसार ३५ वर्षांखालील व्यक्तीत १ सेंटिमीटर आणि त्यापुढील वयात १.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल, तर सोनोग्राफी करावी. मानेतील लसिकाग्रंथी संशयास्पद दिसत असतील किंवा गाठ शेजारच्या भागात शिरलेली असेल, तर आकार कितीही असो, तपासणी आवश्यक ठरते. पेट स्कॅनमध्ये (पेशी किती सक्रिय आहेत हे दाखवणारा स्कॅन) थायरॉइडमधील एखादीच जागा उजळलेली दिसणे ही बाबही वेगळी आहे, कारण अशा गाठींपैकी सुमारे एकतृतीयांश कर्करोगाच्या निघतात.

‘एकदा तपासून टाकू, म्हणजे मन शांत होईल’ हा विचार मी पूर्णपणे समजू शकतो, परंतु त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. दक्षिण कोरियात सोनोग्राफीद्वारे थायरॉइडची सरसकट तपासणी होऊ लागल्यानंतर, १९९३ ते २०११ या काळात या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण सुमारे १५ पट वाढले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. ज्या गाठींनी कदाचित कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी असंख्य लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेकांना आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या.

म्हणून अहवालात वरीलपैकी संशयास्पद काही नसेल, तर आईंना सध्या सुईची तपासणी लागणार नाही, असे माझे मत आहे. अंतिम निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा. आवाज बसणे, गिळताना अडथळा, लहानपणी मानेला दिलेले रेडिएशन किंवा कुटुंबातील थायरॉइडचा कर्करोग यांपैकी काही असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगा आणि टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे का, हेही विचारा. स्कॅनची सीडी जपून ठेवा, म्हणजे पुढे कधी स्कॅन झाल्यास गाठीचा आकार ताडून पाहता येईल.