प्राण्यांच्या कवटीच्या आकारावरून उत्क्रांती कशी अभ्यासतात?

नुसती लांबी-रुंदी मोजून भागत नाही. प्रत्येक कवटीवर तेच ठरावीक बिंदू घ्यावे लागतात: नाकाच्या हाडाचं टोक, दोन शिवणी (कवटीच्या हाडांमधल्या जोडरेषा) मिळतात ती जागा, पाठकणा जिथे सुरू होतो त्या मोठ्या छिद्राची कड. सीटी स्कॅनवरून या बिंदूंचे त्रिमितीय निर्देशांक नोंदवतात आणि 'प्रोक्रस्टीज' पद्धतीने सगळ्या कवट्या एकमेकींवर बसवतात. जागा, कल आणि लहान-मोठेपणा यांतला फरक निघून जातो, उरते ती निव्वळ घडण.

सस्तन प्राण्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो पिल्लांच्या कवट्या प्रौढांत मिसळल्याने. कवटीच्या तळाशी जतुक (तळाच्या मधलं) आणि पश्चकपाल (मागचं) या हाडांमधला सांधा जुळलाय का, हे आधी बघा; जुळला असेल तर कवटी प्रौढाची. फोटोवरून मोजताना कॅमेऱ्याचा कोन जरासा हलला तरी खोटा फरक दिसतो, म्हणून काही कवट्या दोनदा मोजाच.

निष्कर्ष काढताना घाई नको. मुंगूस, कुरंग (अँटिलोप), फलाहारी वटवाघळं अशा गटांत मोठ्या जातींचा चेहरा मेंदूच्या पेटीच्या मानाने लांबच असतो. तो नुसत्या मोठ्या अंगामुळेही असू शकतो, म्हणून थेट आहाराच्या खात्यावर टाकू नये. शिवाय जवळचे नातलग मुळात सारखे असतात, त्यामुळे वंशवृक्ष गणितात घेतल्याशिवाय जातींची तुलना ग्राह्य धरत नाहीत.