दुमजली घरात एकच सेंट्रल एसी: खाली गारठा, वर उकाडा. मोठं मशीन बसवावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: एडिसन, न्यू जर्सी इथलं २,४०० चौरस फुटांचं कलोनियल घर. फर्नेस (हिवाळ्यात घर तापवणारं यंत्र, त्याचाच पंखा एसीची हवाही फिरवतो) बेसमेंटमध्ये, त्यावर ३.५ टनाच्या एसीची कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी), थर्मोस्टॅट खालच्या हॉलमध्ये. तो ७४ अंश दाखवतो तेव्हा वरच्या बेडरूममध्ये ८० असतं (सगळे आकडे फॅरनहाइट). कंत्राटदार म्हणतो ५ टनाचं मशीन घ्या.

घेऊ नका. रोग म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असा तो सल्ला आहे. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. म्हणजे आत्ता १,४००, आणि ५ टनाला २,०००. डक्ट, म्हणजे खोल्यांत हवा नेणारे पाइप, तेच राहिले तर ही जास्तीची हवा जाणार कुठून? शिवाय मोठं मशीन खालचा मजला आणखी पटकन गार करून थांबेल, वर हवा जायला वेळ आणखी कमी मिळेल आणि घरातला दमटपणाही निघणार नाही.

खरी अडचण अशी की मशीन खालच्या मजल्याचं ऐकतं. वरच्या खोल्यांच्या डोक्यावर ॲटिक, म्हणजे छपराखालचा पोटमाळा, आहे. जुलैच्या दुपारी ते १३० अंशांपर्यंत तापतं आणि त्यातली उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली झिरपत राहते. म्हणून वरच्या मजल्याची गरज संध्याकाळनंतर सर्वाधिक असते, नेमकी तेव्हा खालची उतरलेली असते. खालचा मजला जरा उशिरा गार व्हावा आणि तिथली वाचलेली हवा वर जावी, एवढंच साधायचं आहे.

सुरुवात मोजण्यापासून करा. बाहेर ९० अंशांच्या आसपास असताना एसी १५ मिनिटं सलग चालू द्या. साध्या डिजिटल थर्मामीटरने रिटर्नच्या (खोलीतली हवा मशीनकडे परत नेणाऱ्या) जाळीपाशी हवा मोजा, मग फर्नेसजवळच्या सप्लायच्या (गार हवा सोडणाऱ्या) जाळीपाशी. फरक १६ ते २० अंश असावा. १४ पेक्षा कमी असेल तर कॉइल किंवा एसीतल्या गॅसची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. २२ च्या वर गेला तर हवाच कमी फिरते आहे. आता वरच्या बेडरूमच्या जाळीपाशी मोजा आणि हात धरून जोरही बघा. हवा गार पण मंद असेल तर दोष वाटपाचा. जोरदार पण खालच्यापेक्षा सहा-आठ अंशांनी गरम असेल तर डक्ट वाटेत तापतो किंवा गळतो आहे. गारही आणि जोरदारही असून खोली तापतच असेल, तर रिटर्न किंवा ॲटिककडे बघा.

वाटप बेसमेंटमध्येच सुधारता येतं. मुख्य डक्टमधून निघणाऱ्या प्रत्येक गोल पाइपवर, सुरुवातीच्या फूट-दोन फुटांत, बहुधा छोटी दांडी आणि पंखनट असतो. तो डॅम्पर, हवा कमी-जास्त करणारी झडप. दांडी पाइपला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. आत्ताची स्थिती मार्करने खुणावून ठेवा, मग एकेक बंद करून कुठल्या खोलीची हवा जाते ते शोधा आणि पाइपवर खोलीचं नाव लिहा. वर जाणारे सगळे पूर्ण उघडा. खाली जास्त गार होणाऱ्या खोल्यांचे, म्हणजे बहुतेक घरांत डायनिंग आणि फॅमिली रूमचे, पाव भाग मिटवा. थर्मोस्टॅट ज्या हॉलमध्ये आहे त्याचा मात्र अर्धा मिटवा. ही खरी मेख आहे: हॉल सावकाश गार झाला की मशीन जास्त वेळ चालतं आणि ती सगळी मिनिटं वरच्या मजल्याला मिळतात. एक दिवस थांबा, मोजा, मग पुढचा पाव.

पूर्ण बंद काहीच करू नका. मार्ग फार आवळले तर कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल ३२ अंशांखाली उतरते, तिच्यावर बर्फ चढतो आणि द्रवरूप गॅस कंप्रेसरकडे परत जाऊन तो खराब करू शकतो. रिटर्न आणि सप्लायमधला फरक पुन्हा मोजा. २२ ओलांडला तर एक पाऊल मागे. हिवाळ्यात उलटी मांडणी लागेल, म्हणून पाइपवर ‘उ’ (उन्हाळा) आणि ‘हि’ (हिवाळा) अशा दोन खुणा करा. डॅम्परच नसतील तर खालच्या जाळ्या थोड्या मिटवणं हा पर्याय आहे, पण त्या शिट्टी घालतात.

रिटर्नकडे लोक बघतच नाहीत. खोलीत हवा ढकलायची तर तेवढी बाहेरही निघायला हवी. बेडरूमचं दार लावल्यावर हवेचा आवाज मंदावतो का? दार फटीएवढं उघडल्यावर जोरात ढकललं जातं का? तसं असेल तर दाराखाली इंचभर फट ठेवा किंवा दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवा. काही घरांत एकाच भिंतीत वर-खाली दोन रिटर्न जाळ्या असतात. उन्हाळ्यात वरची उघडी आणि खालची बंद हवी, हिवाळ्यात उलट. आणि कपाट-सोफा रिटर्नसमोरून हलवा, एवढं तर फुकट आहे.

फिल्टरही बघा. २० बाय २५ इंचांच्या, एक इंच जाडीच्या फिल्टरमधून १,४०० घनफूट हवा मिनिटाला सुमारे ४०० फूट वेगाने जाते. त्यात मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) दाट फिल्टर घातला की पंख्याचा दम जातो. मर्व्ह ८ घाला, नाहीतर चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या.

मोठ्या मास्टर बेडरूमला एकच ६ इंची पाइप जात असेल तर डॅम्पर कितीही उघडा, त्यातून मिनिटाला शंभरेक घनफुटांपेक्षा फारसं मिळत नाही. तिथे दुसरी लाइन लागते. जाळीवर बसवायचे छोटे पंखे मिळतात, पण त्यांवर पैसे घालू नका असं मी सांगेन.

थर्मोस्टॅट इकोबीसारखा, खोलीत वेगळा सेन्सर ठेवता येणारा घ्या. दिवसा खालचा सेन्सर, रात्री नऊनंतर बेडरूमचा. रात्री खाली गारठेल, पण खाली तेव्हा असतं कोण? दिवसभर ८२ वर ठेवून संध्याकाळी सहाला ७४ करण्याची सवय सोडा, तीन-चारपासूनच उतरवायला घ्या. पंखा कायम ‘ऑन’ ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. जर्सीच्या दमट हवेत मला तो पटत नाही, कारण मशीन थांबल्यावर कॉइलवरचं पाणी पुन्हा घरात उडतं. ‘सर्क्युलेट’ (पंखा अधूनमधूनच चालवणारा पर्याय) असेल तर तो वापरा.

मग गळती आणि ॲटिक. एनर्जी स्टारच्या म्हणण्यानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. जोडांवर मास्टिक (डक्टसाठीचा घट्ट लेप) लावा किंवा यूएल १८१ छापाची फॉइल टेप. कापडी ‘डक्ट टेप’ नाव मिरवते, पण उष्णतेत सुटते. ॲटिकमध्ये आधी फटी बुजवा (छतातल्या दिव्यांच्या कडा, पाइपांची भोकं, घडीच्या शिडीचं झाकण), मगच इन्सुलेशन घाला. आर-४९ साठी (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) सेल्युलोजचा, म्हणजे कागदाच्या लगद्यापासूनच्या इन्सुलेशनचा, सुमारे १४ इंच थर लागतो. आधी थर घातलात तर फटी शोधायला तो पुन्हा उपसावा लागेल. छताच्या कडेला सॉफिटमधून (छपराच्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूने) येणारी हवा थराने अडू नये म्हणून बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणाऱ्या पट्ट्या, लावा.

एवढं केल्यावर सहाचा फरक दोन-तीनवर यायला हवा. एकाच झोनच्या, म्हणजे सगळ्या घराला एकच थर्मोस्टॅट असलेल्या, यंत्रणेत तेवढा राहणारच. तरीही अडलं तर दोन रस्ते आहेत. दोन मोटर डॅम्पर आणि दोन थर्मोस्टॅट लावून झोनिंग करता येतं, पण एकाच वेगाच्या मशीनवर ते जपून करावं. एकच झोन चालू असताना जास्तीची गार हवा बायपासने रिटर्नमध्ये सोडतात आणि तिथूनच कॉइल गोठायला सुरुवात होते. टू-स्टेज किंवा व्हेरिएबल (दोन किंवा अनेक वेगांवर चालणारं) मशीन असेल तरच मी तिकडे जाईन. नाहीतर मास्टर बेडरूममध्ये ९,००० बीटीयूचा (पाऊण टनाचा) डक्टलेस मिनी-स्प्लिट, म्हणजे त्या एकाच खोलीचा वेगळा भिंतीवरचा एसी, लावा. म्हणजे रात्री खालचं मोठं मशीन ७८ वर ठेवून झोपता येईल.