लॅम्बोर्गिनी काउंटाक घेतलीस ना, मग आधी तिच्याशी भांडणं बंद कर

अरे मित्रा, मागचं काही दिसत नाही, क्लच जड आहे, काच अर्धीच खाली येते, हे सगळं खरंय पण म्हणून लगेच गाडी मॉडिफाय करायला धावू नकोस. मार्चेलो गांदिनीने डिझाइन केलेली गाडी आहे ही, 1974 पासून विकायला आली, आणि व्ही12 (बारा सिलिंडरचं) इंजिन मागे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवून गिअरबॉक्स पुढे दोन सीट्सच्या मधे घेतलाय, म्हणून तर लिव्हर थेट हाताखाली येतो आणि शिफ्ट इतकी नेमकी लागते! फक्त तेल गरम होईपर्यंत गिअर जबरदस्तीने टाकू नकोस, आणि पहिला गिअर डावीकडे खाली असतो हे हाताला सवयीचं होऊ दे. रिव्हर्स घेताना दार वर उचल, दाराखालच्या रुंद सिलवर (उंबरठ्यावर) बस, मान मागे वळव आणि हळूहळू घे, सगळे असंच करतात आणि मला तर हा भाग फार आवडतो. मागचा मोठा विंग मात्र खरंच काढलास तरी चालेल, त्याने टॉप स्पीड कमीच होतो. कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारे भाग) सिंक, म्हणजे एकमेकांशी जुळवून सेट करायला जुना जाणकार मेकॅनिक शोध, तिथे पैसे वाचवू नकोस.