टीबी झालेल्या जाऊबाईंचं ताट वेगळं करावं का?

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते. धाकट्या जाऊबाईंना फुप्फुसाचा टीबी निघालाय. बेडका पॉझिटिव्ह आहे, ट्रूनॅट या बेडक्याच्या तपासणीत औषधांना दाद देणारा टीबी दिसलाय आणि गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झालेत. वजन ३६ किलो, उंची पाच फूट. सासूबाईंनी ताट, वाटी, तांब्या वेगळा केलाय आणि सहा महिने त्यांना माहेरी पाठवायचं घाटतंय. घरात त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आणि तुमची सहा वर्षांची मुलगी. तुम्ही विचारलंय की मुलांना धोका किती, माहेरी पाठवावं का, आणि खाण्यापिण्यानं टीबीत खरंच फरक पडतो की ते नुसतं म्हणायचं असतं.

मी सत्तावीस वर्षं सोलापूर भागात टीबी हेल्थ व्हिजिटर होते. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार यांच्या वस्त्यांतच नोकरी गेली. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर मी स्वतः कितीतरी वर्षं अर्धवट दिलंय.

त्याची मुळं मद्रासमधल्या एका अभ्यासात आहेत. १९५० च्या दशकापर्यंत टीबी म्हणजे सॅनेटोरियम असंच समीकरण होतं: मोकळी हवा, अंथरुणात विश्रांती, दूध, अंडी, मटण. पण आपल्याकडे रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. म्हणून १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र उभं राहिलं आणि तिथे सरळ प्रश्न विचारला गेला: रुग्णाला घरीच ठेवून औषध दिलं तर काय होईल? १९३ रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवलं, आणि औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरी ठेवलेल्या रुग्णांचं जेवण सॅनेटोरियमपेक्षा कितीतरी कमी, शिवाय कामधंदाही चालू. तरी १९५९ मध्ये निकाल आले तेव्हा जंतू जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. पुढे पाच वर्षं घरातल्या माणसांवर लक्ष ठेवलं. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त टीबी झाला, असं काही दिसलं नाही.

हा अभ्यास किती मोठा, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज जगभर टीबीचा पेशंट घरी राहून बरा होतो तो यामुळेच. घरातून काढलेल्या कितीतरी माणसांना त्यानं परत घरात आणलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही त्यातच आहे.

पण त्यातून एक चुकीचा अर्थ खाली आमच्यापर्यंत झिरपत आला: गोळ्या महत्त्वाच्या, खाण्याचं विशेष नाही. आम्हाला प्रशिक्षणात असंच कळलं आणि मीही दारोदार तेच सांगत फिरले, 'बाई, एक वेळ उपाशी राहिलीस तरी चालेल, गोळी चुकवू नकोस.' मद्रासच्या अभ्यासानं विचारलं होतं की औषध असताना जंतू जातात का, आणि त्याला मिळालेलं उत्तर खरंच होतं. मुळात आजारी कोण पडतं आणि औषध चालू असतानाही मरतं कोण, हा प्रश्न तिथे नव्हता.

माझ्या यादीत एक विडी कामगार बाई होती, वजन ३१ किलो. एकही गोळी चुकली नाही, माझ्यासमोर घ्यायची. दुसऱ्या महिन्यात वजन ३० झालं. मी कार्डावर आकडा लिहिला आणि पुढच्या घरी गेले. तिसऱ्या महिन्यात ती गेली. मी तिला गोळ्यांबद्दल पन्नास वेळा विचारलं असेल. चूल पेटते का, हे एकदाही विचारलं नाही.

या प्रश्नाचं नीट उत्तर आलं ते झारखंडमधून. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं घेऊन अभ्यास केला. नाव 'रेशन्स'. रुग्णांना सगळ्यांनाच दर महिन्याला शिधा दिला, रोजच्या १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं भरतील इतका. घरातल्या बाकीच्यांचे मात्र दोन गट केले. एका गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, लहान मुलांना त्याच्या निम्मं. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना असा शिधा नव्हता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निकाल छापून आले. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं, आणि थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे पुढे पसरणारा फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. ताई, ही कुठली नवी लस नव्हती. तांदूळ आणि डाळ होती.

रुग्णांचं जे दिसलं ते तुमच्या जाऊबाईंसाठी आणखी मोलाचं आहे. त्या रुग्णांतले पाचातले चार कुपोषित होते, जवळजवळ निम्मे तर तीव्र कुपोषित. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

आता तुमच्या घरचा हिशोब करू. ३६ किलो आणि पाच फूट म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, साडेपंधराच्या आसपास. साडेअठराच्या खाली कुपोषण धरतात, सोळाच्या खाली तीव्र. म्हणजे जाऊबाईंना टीबीइतकाच उपासमारीचाही आजार आहे, आणि गोळ्या त्यातल्या एकावरच चालतात. ३६ चे ५ टक्के म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. दोन महिन्यांत काटा ३८ च्या जवळ गेला पाहिजे. हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा.

द्यायचं काय, तर महागाचे पावडरचे डबे अजिबात नकोत. एका डब्याच्या पैशात महिन्याचे शेंगदाणे आणि फुटाणे येतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साडेपाचशेवर कॅलरी असतात. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी शिकवायला नको, ती भाकरीवर तेल घालून सढळ हातानं द्या. घट्ट डाळ, चालत असतील तर रोज दोन अंडी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, दूध किंवा दही. सुरुवातीला त्यांना भूकच लागणार नाही, गोळ्यांनी मळमळेल. ताट भरून समोर ठेवलं तर ते तसंच परत येईल. दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्या. तीन-चार आठवड्यांत भूक उघडते, मग मागून खातात. तेव्हा 'किती खाते' असं कुणी बोलू नये, एवढं तुम्ही बघा. मी घराघरांत पाहिलंय, हे वाक्य ऐकलं की बाई हात आखडता घेते. सरकारकडून निक्षय पोषण योजनेचे नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. बँक खातं जोडलंय का ते टीबीच्या कर्मचाऱ्याला विचारा आणि ते पैसे जाऊबाईंच्या खाण्यावरच जातील असं बघा.

ताट-वाटीचं सांगते. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटातून, तांब्यातून, कपड्यांतून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. वेगळ्या ताटानं कुणाचंही रक्षण होत नाही. होतं एवढंच की ती बाई शेवटी, एकटी आणि उरलंसुरलं जेवते, आणि जिला सगळ्यांत जास्त अन्न हवं तिच्या पोटात सगळ्यांत कमी जातं. सासूबाईंना वाईट समजू नका, त्यांच्या पिढीनं टीबीनं माणसं जाताना पाहिली आहेत. भांडण न करता एक काम करा, तुम्ही स्वतः जाऊबाईंच्या शेजारी ताट घेऊन बसा.

काळजी घ्यायची ती हवेची. पहिले काही आठवडे त्यांनी खिडकी असलेल्या खोलीत झोपावं, माणसांत असताना मास्क किंवा पदर तोंडावर ठेवावा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी. खिडक्या उघड्या ठेवा. औषध नीट चालू असलं की काही आठवड्यांतच पसरण्याचा धोका खूप उतरतो. जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानाआधीच, खोकला अंगावर काढला त्या महिन्यांत होऊन गेलेला असतो. म्हणून आता माहेरी पाठवून मुलांचं संरक्षण होत नाही. उलट अशा बदलीतच उपचार तुटतात. इथलं नाव तिथे चढेपर्यंत गोळ्या संपतात, तिथे भावजयीसमोर आजार लपवायचा म्हणून गोळ्याही लपतात. त्यांना स्वतःलाच आईकडे जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीवर रीतसर बदली करून आणि हातात गोळ्या घेऊनच जावं.

मुलांचं मात्र उद्यावर टाकू नका. तीन वर्षांचा मुलगा आईच्या कुशीत झोपत होता, घरात सर्वांत जास्त जोखीम त्याची. पाच वर्षांखालच्या मुलांत संसर्गाचं आजारात रूपांतर लवकर होतं आणि मेंदूचा टीबी होण्याची भीतीही याच वयात जास्त. बीसीजी दिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ती लस लहानपणच्या गंभीर टीबीपासून बरंच रक्षण करते, पूर्ण नाही. दोन्ही मुलांना दवाखान्यात न्या. खोकला, ताप, वजन न वाढणं, मानेत गाठ हे तपासून, गरज वाटली तर एक्स-रे काढून आधी टीबी नाही याची खात्री करतात आणि मग प्रतिबंधक औषध देतात, रोज सहा महिने किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे. कुठलं द्यायचं ते डॉक्टर वय आणि वजन बघून ठरवतील. हे आता फक्त मुलांना नाही, घरातल्या सगळ्यांनाच मिळतं. 'काही होत नाही तर औषध कशाला' असं मोठी माणसं म्हणतील, तरीही पाठ सोडू नका.

तुमच्या लिहिण्यात एक ओळ सहज आली होती, सासूबाईंना दहा वर्षं साखर आहे आणि सासरे विड्या ओढतात. मला तिथेच थांबावंसं वाटलं. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका साधारण तिपटीनं जास्त असतो, धूम्रपानानंही तो वाढतो. म्हणजे मुलांच्या खालोखाल जपायचं ते सासूबाईंना. त्यांची साखर शेवटची कधी तपासली? नसेल तर याच आठवड्यात तपासा आणि दोघांचे एक्स-रे काढून घ्या. त्यांच्याशी बोलायलाही यानं सोपं जाईल. ज्या भीतीनं त्यांनी ताट वेगळं केलं, त्या भीतीचं काहीतरी खरं काम त्यांच्या हाती द्या.

आता गोळ्यांबद्दल, कारण हे घाईच्या ओपीडीत सांगायचं राहून जातं. लघवी केशरी होईल, घाबरू नका, ते औषधाचा रंग आहे. गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून वजन बदललं की सांगायचं. जाऊबाई पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असतील तर टीबीच्या औषधानं त्यांचा परिणाम कमी होतो, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. एका घरात उपचाराच्या चौथ्या महिन्यात दिवस गेले होते आणि त्या मुलीला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. डोळे पिवळे होणं, सारख्या उलट्या, अन्नाची शिसारी, दिसायला अंधूक किंवा लाल-हिरव्या रंगात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि घरी ठेवायचं म्हणजे हट्टानं घरीच, असं नाही. तमिळनाडूत २०२२ पासून प्रत्येक नव्या रुग्णाचं पहिल्याच भेटीत बघतात: बीएमआय फारच खाली आहे का, श्वास जोरात आहे का, आधाराशिवाय उभं राहता येतं का, पायांवर सूज आहे का. असं काही असेल तर थेट भरती करतात, कारण टीबीचे बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. जाऊबाईंचे पाय आज दाबून बघा. बोटाचा खड्डा राहिला, किंवा संडासपर्यंत जाताना धाप लागली, तर आजच भरती करायला सांगा आणि बीएमआयचा आकडा स्वतः बोलून दाखवा.

पंधरा दिवस भरले की वजन करा आणि आकडा इथे लिहा, वाढलेला असो नाहीतर घटलेला. घटलेला असेल तर त्या दिवसभरात त्यांनी काय काय खाल्लं तेही सकाळपासून लिहा, आपण त्यात काय घालता येईल ते बघू.