आंबवलेल्या पदार्थांतील जीवाणू अमिनो आम्लांचे विघटन कसे करतात?

दह्याचे उदाहरण घेऊ. विरजणातील जीवाणू दुधातील केसीन या प्रथिनाचे तुकडे करतात आणि त्यांतून सुटलेली अमिनो आम्ले बहुतांशी स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. खरी कमाल पुढे आहे: आंबटपणा वाढून जिवावर बेतले की काही जीवाणू ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लातील एक कार्बोक्सिल गट (कार्बन, ऑक्सिजन व हायड्रोजनचा आम्लधर्मी अणुगट) कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढून टाकतात, त्यात पेशीतील एक हायड्रोजन आयन (आम्लता आणणारा कण) खर्ची पडतो आणि आतली आम्लता उतरते. हिस्टिडिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर अशीच क्रिया झाली की हिस्टामिन हे जास्त प्रमाणात पोटात गेल्यास ॲलर्जीसारखा त्रास देणारे रसायन बनते, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून पुण्याच्या मे महिन्यात ओट्यावर राहून फसफसलेले, वर बुडबुडे आलेले दही कढीत खपवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ते बुडबुडे बहुधा नको असलेले सूक्ष्मजीव शिरल्याचे लक्षण असते.